मृतांची आठवण कोण ठेवतो? ख्रिस्ती विचारातील स्मरण आणि पुनरुत्थान

मृत व्यक्ती आप्तांच्या आठवणीत जिवंत राहते, हे विधान आज इतके रुळले आहे की वर्तमानपत्रातील श्रद्धांजलीपासून शोकसभेतील भाषणापर्यंत ते सर्वत्र आढळते आणि ते ऐकून कोणी थबकत नाही. या साध्या विधानामागे मात्र एक पुरे तत्त्वज्ञान आहे. लुडविग फॉयरबाख या जर्मन विचारवंताने मृत्यू आणि अमरत्व यांविषयीचा आपला ग्रंथ १८३० मध्ये निनावी प्रसिद्ध केला आणि त्यात असे मांडले, की व्यक्तीला मरणोत्तर अस्तित्व नसते, ती मागे राहिलेल्यांच्या स्मृतीत आणि मानवजातीच्या चालू जीवनात विलीन होते, आणि याहून अधिक काही मागणे हा शुद्ध स्वार्थ आहे. या ग्रंथाने फॉयरबाखची विद्यापीठातील कारकीर्द संपवली, पण त्यातला विचार टिकला, आणि ज्यांनी फॉयरबाखचे नावही ऐकलेले नाही अशा लोकांच्या सांत्वनाच्या भाषेत तो आज वावरतो. ख्रिस्ती परंपरेने या विचाराला काय उत्तर दिले, हे शोधताना बहुधा अशी समजूत करून घेतली जाते की ती परंपराही स्मृतीचाच महिमा गात असावी, फक्त त्यात स्वर्गाची भर घालून. प्रत्यक्षात मानवी स्मृती मृताला जिवंत ठेवू शकत नाही हे ती परंपरा फॉयरबाखहून अधिक कठोरपणे सांगते, आणि ते मान्य केल्यानंतरच, मग मृतांचे स्मरण करायचे ते कशासाठी, या प्रश्नाकडे वळते.

हा कठोरपणा तिला हिब्रू शास्त्राकडून मिळाला आहे. प्राचीन इस्राएलाच्या कल्पनेप्रमाणे सर्व मृत अधोलोकात जातात, म्हणजे जेथे ना शिक्षा ना आनंद, फक्त सावलीसारखे निर्जीव असणे उरते अशा खालच्या प्रदेशात. ८८ व्या स्तोत्राचा कर्ता त्या प्रदेशाची ओळखच विस्मरणाने करून देतो, आणि उपदेशकाच्या पुस्तकाचा लेखक तर मृतांची आठवणही मागे उरत नाही असे कोरडेपणाने नोंदवून पुढे जातो. या ग्रंथांत मृतांना दिलासा देण्याची घाई कोठेही दिसत नाही. पुनरुत्थानाची कल्पना, म्हणजे देव मृतांना देहासह पुन्हा उठवील हा विश्वास, पुष्कळ उशिरा, दानीएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात स्पष्ट रूप घेते. तो काळ सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याने यहुदी धर्मावर चालवलेल्या छळाचा होता, आणि देवाशी प्रामाणिक राहिल्यामुळेच जे मारले गेले त्यांचे काय, हा त्या काळचा जळता प्रश्न होता. पुनरुत्थानाचा विश्वास मरणाच्या भीतीतून जन्मला असे सर्रास म्हटले जाते. या ग्रंथांचा क्रम पाहता तो न्यायाच्या मागणीतून जन्मला असे म्हणणे अधिक रास्त ठरते, आणि पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

याच शास्त्रात देवाच्या आठवणीचे चित्र माणसाच्या आठवणीहून अगदी वेगळे रेखाटले आहे. जलप्रलयात देव नोहाची आठवण करतो आणि पाणी ओसरू लागते. तो राहेलीची आठवण करतो, हन्नेची आठवण करतो, आणि ज्या कुशीत काही रुजत नव्हते तेथे मूल वाढू लागते. माणसाची आठवण झालेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहते. देवाची आठवण मात्र ज्याची केली त्याच्या बाबतीत काहीतरी नवे घडवते. लूकच्या शुभवर्तमानातील, म्हणजे येशूच्या चरित्रकथनातील, वधस्तंभावरच्या गुन्हेगाराचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचे वजन कळते. हा मरणोन्मुख माणूस सुटका मागत नाही, स्वर्गही मागत नाही. येशू आपल्या राज्यात येईल तेव्हा त्याने आपली आठवण ठेवावी एवढीच त्याची विनंती आहे. मिळालेले उत्तर मात्र विनंतीच्या पुष्कळ पुढचे आहे: त्याच दिवशी सोबत असण्याचे वचन त्याला दिले जाते. ज्याच्या मागे त्याचे नाव घेणारे कोणी नव्हते आणि ज्याचे नाव शुभवर्तमानकारालाही ठाऊक नाही, अशा माणसाच्या बाबतीत हे घडावे, याला महत्त्व आहे. कारण मृत माणूस आप्तांच्या स्मृतीत जगतो हे तत्त्व खरे धरले, तर अशा माणसांच्या वाट्याला काहीच येत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विचारातला सर्वांत अपरिचित भाग पुढे येतो. आत्मा अविनाशी आहे, देह त्याचे बदलण्याजोगे वस्त्र आहे, ही कल्पना येथील मनोभूमीत खोल रुजलेली असल्याने ख्रिस्ती लोकही तेच मानतात असे सहज गृहीत धरले जाते, आणि अनेक ख्रिस्ती लोक प्रत्यक्षात तेच मानतातही. ऑस्कर कुलमान या नव्या कराराच्या अभ्यासकाने १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात या गृहीताला छेद दिला. त्याने सॉक्रेटिसाचा मृत्यू आणि येशूचा मृत्यू शेजारी ठेवले: सॉक्रेटिस आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा करत शांतपणे विषाचा पेला घेतो, कारण त्याच्या लेखी मृत्यू ही देहाच्या बंधनातून सुटका आहे, येशू मात्र गेथशेमानेच्या बागेत अस्वस्थ होतो, मरण टळावे अशी प्रार्थना करतो आणि वधस्तंभावर आक्रोश करतो, कारण त्याच्या लेखी मृत्यू हा मित्र नव्हे, शत्रू आहे. मृत्यूत माणसाचा एखादा अंश आपल्या बळावर सुरक्षित राहतो अशी हमी कुलमानच्या मते बायबल देत नाही. मेलेला माणूस खरोखरच मेलेला असतो, आणि त्याला जीवन मिळायचे असेल तर ते देवाने नव्याने दिल्यावाचून मिळणार नाही. या व्याख्यानाने त्या काळी अनेक भाविक दुखावले गेले, आणि त्यात नवल नव्हते.

कुलमानने काढलेली रेघ जरा जास्तच सरळ आहे, हे मात्र नोंदवले पाहिजे. दुसऱ्या शतकापासूनच चर्चच्या आचार्यांनी ग्रीक तत्त्वज्ञानातील अमर आत्म्याची कल्पना पुनरुत्थानाच्या जोडीला घेतली, आणि मृत्यू व अंतिम पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात मृत व्यक्ती कोठे असते या प्रश्नाला त्यांना काही उत्तर देणे भागही होते. पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झालेले योसेफ रात्सिंगर यांनी १९७७ च्या आपल्या अंतिमविचारावरील ग्रंथात, म्हणजे मृत्यू, न्याय आणि जगाचा शेवट यांविषयीच्या ख्रिस्ती सिद्धांताच्या विवेचनात, यातून एक मार्ग काढला. आत्मा अमर आहे तो त्याच्या घटकद्रव्यामुळे नव्हे, तर देवाने त्याला हाक मारली आहे आणि देव आपल्या संवादातून कोणाला मध्येच सोडून देत नाही म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अमरत्व हा माणसाचा गुणधर्म न राहता एक नाते बनते, आणि त्या नात्याचे दुसरे टोक देवाच्या हाती असते. फॉयरबाखच्या विधानातील कर्ता तेवढा येथे बदलला आहे, असे म्हणता येईल: माणूस स्मृतीत जगतो हे खरे, पण ती स्मृती मर्त्य माणसाची नव्हे.

नवजीवनाचे स्वरूप कसे असेल याविषयी सर्वांत जुनी लेखी चर्चा पौल या प्रेषिताच्या पत्रांत सापडते. इसवी सन ५० च्या सुमारास थेस्सलनीका येथील लहानशा मंडळीला लिहिलेले त्याचे पहिले पत्र हा उपलब्ध ख्रिस्ती लिखाणांपैकी बहुधा सर्वांत जुना दस्तऐवज आहे, आणि त्यात मृतांचाच प्रश्न उभा आहे. ख्रिस्त लवकरच परत येईल या अपेक्षेने जगणाऱ्या त्या मंडळीतील काहीजण मध्येच मरण पावले होते, आणि ते त्या आनंदाला मुकले की काय, या काळजीने मागचे लोक खचले होते. पौल त्यांना रडू नका असे सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखे रडू नका, एवढेच सांगतो, आणि या दोन उपदेशांतला फरक नंतरच्या अनेक प्रवचनकारांच्या लक्षात राहिला नाही. त्यानंतर काही वर्षांनी करिंथ येथील मंडळीला लिहिताना त्याने बी आणि रोप यांचे उदाहरण घेतले: पेरलेले आणि उगवलेले यांत अखंडता आहे, पण सारखेपणा नाही. शुभवर्तमानांतील कथाही याच दिशेने जातात. येशूने उठवलेला लाजर कबरेतून बाहेर येतो तो आपल्या जुन्या आयुष्यात परत येतो आणि त्याला पुढे पुन्हा मरायचेच असते; येशूचे पुनरुत्थान मात्र परत येणे नव्हे, आणि म्हणूनच मग्दालीया मरीया त्याला पाहूनही माळी समजते, अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य त्याच्याबरोबर चालूनही त्याला ओळखत नाहीत. तरीही ओळख पटते तेव्हा ती नव्या तेजामुळे पटत नाही. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवले जातात ते खिळ्यांचे व्रण. नव्या जीवनाने जुन्या जीवनातील जखम पुसून टाकलेली नाही, ही गोष्ट शुभवर्तमानकार योहानाने मुद्दाम सांगितली आहे असे मानण्यास पुरेपूर जागा आहे.

हा विश्वास आचारात उतरताना मात्र त्याला अनेक वळणे लागली. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याला जाळून मारले गेल्यावर तेथील मंडळीने त्याच्या अस्थी गोळा केल्या आणि दरवर्षी त्याच्या मृत्यूच्या दिवशी तेथे जमून त्याचा जन्मदिवस साजरा करण्याचा आपला बेत एका पत्रात लिहून ठेवला. रक्तसाक्षीच्या, म्हणजे विश्वासासाठी प्राण दिलेल्याच्या, मृत्युदिनाला जन्मदिन म्हणण्याची ही फार जुनी नोंद आहे. सामान्य मृतांसाठी चाललेले विधी मात्र बऱ्याच अंशी रोमन समाजातूनच आलेले होते. फेब्रुवारीत येणाऱ्या पारेंतालिया या रोमन पितृकाळात लोक कबरीजवळ अन्न आणि मद्य नेत असत, आणि पितृपक्षाशी परिचित असलेल्या वाचकाला हा विधी फारसा परका वाटणार नाही. ख्रिस्ती झाल्यावरही लोक रक्तसाक्षींच्या कबरींवर तेच करू लागले. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीनची आई मोनिका उत्तर आफ्रिकेतील आपल्या सवयीप्रमाणे मिलान येथेही भाकरी, लापशी आणि द्राक्षारस घेऊन गेली, तेव्हा द्वारपालाने तिला अडवले, कारण बिशप अँब्रोझ यांनी ही प्रथा बंद केली होती. तिने ती मुकाट्याने सोडली. पुढे ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात मरणशय्येवर असताना तिने मुलांना सांगितले की आपला देह कोठेही पुरावा, त्याची काळजी नको, फक्त प्रभूच्या वेदीपाशी आपली आठवण करावी. नवऱ्याच्या शेजारी कबर मिळावी म्हणून आयुष्यभर जपणूक केलेल्या स्त्रीने हे सांगावे, याचे ऑगस्टीनलाही आश्चर्य वाटले होते.

वेदीपाशी आठवण याचा अर्थ प्रभुभोजनात, म्हणजे येशूने शेवटच्या रात्री भाकर आणि द्राक्षारस देऊन आपल्या स्मरणार्थ करावयास सांगितलेल्या विधीत, मृतांचा उल्लेख करणे. त्या विधीत सर्वप्रथम स्मरण होते ते येशूच्या मृत्यूचे, आणि बाकी साऱ्या मृतांचे स्मरण त्या एका स्मरणाच्या आत येते. स्वतंत्रपणे त्यांना पोसायचे, शांत करायचे किंवा पुढच्या वाटेला लावायचे नसते. सुमारे ४२१ मध्ये नोला येथील बिशप पॉलिनस याने ऑगस्टीनला विचारले, की एका मातेने आपल्या मुलाला संत फेलिक्स यांच्या कबरीजवळ पुरले, याचा त्या मुलाला काही लाभ आहे काय. ऑगस्टीनचे उत्तर मृतांच्या सेवेवरील एका छोट्या ग्रंथाच्या रूपाने उपलब्ध आहे, आणि त्याचा सूर आजही ताजा वाटतो. अंत्यविधीचा थाट हा जिवंतांचे सांत्वन अधिक आणि मृतांची मदत कमी असतो. जागेमुळे मृताला काही मिळत नाही. पण त्या जागेची आठवण होऊन आई प्रार्थनेकडे वळत असेल, तर त्या प्रार्थनेचा उपयोग होऊ शकतो, असे तो म्हणतो. विधीची उपयुक्तता त्याने नाकारली नाही, तिची दिशा बदलली.

पुढच्या हजार वर्षांत हा समतोल सुटत गेला. क्लुनी मठाचा प्रमुख ओदिलो याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या मठांना सर्व मृत विश्वासूंचे स्मरण २ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, करण्याची आज्ञा दिली, आणि ही प्रथा हळूहळू साऱ्या पश्चिम युरोपात पसरली. ती मुळात उदार होती, कारण तिने नावाने न आठवल्या जाणाऱ्यांनाही आपल्यात घेतले. पण याच काळात शुद्धीस्थानाची कल्पना, म्हणजे तारणास पात्र असूनही अपूर्ण राहिलेले आत्मे जेथे शुद्ध होतात अशा अवस्थेची कल्पना, नेमका आकार घेऊ लागली. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात दाखवले, की या अवस्थेला एका ठरावीक स्थळाचे रूप बाराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आले. स्थळ ठरले की मुक्कामाची मुदत मोजता येऊ लागली, आणि मुदत मोजता आली की ती कमी करून देण्याचा व्यवहारही सुरू झाला. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने आपले ९५ सिद्धांत ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, मांडले ते पापदंडाची सूट विकण्याच्या या व्यवहाराविरुद्ध, आणि त्या व्यवहारात मृत आईबापांच्या नावाने घेतलेल्या सुटीचाही समावेश होता.

धर्मसुधारकांचा राग रास्त होता. त्यांनी निवडलेला उपाय मात्र अवाजवी ठरला. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात मृतांसाठी प्रार्थना शिल्लक होती, १५५२ च्या आवृत्तीत ती वगळली गेली. १५६४ मध्ये जिनिव्हात वारलेल्या जॉन कॅल्विनला त्याच्याच इच्छेनुसार खुणेचा दगडही न लावता पुरले गेले. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासना-नियमांनी तर मृतदेह कोणत्याही विधीवाचून पुरावा असे ठरवले. मृत देवाच्या हाती आहेत, त्यांच्यासाठी माणसाला काही करता येत नाही, हे या भूमिकेतले सत्य आहे. परंतु ज्यांच्यासाठी काही करता येत नाही त्यांच्याविषयी गप्प राहावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि प्रॉटेस्टंट लोकांनी तो निष्कर्ष फार काळ सोसलाही नाही. १७३२ मध्ये सॅक्सनीतील हेर्नहूट गावी मोरावियन बंधुसमाजातील तरुणांनी पुनरुत्थानाच्या सणाच्या पहाटे कबरस्तानात जमून गाणी म्हटली आणि ती रीत त्या समाजात आजवर चालू आहे. १८१६ मध्ये प्रशियाच्या राजाने नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या आधीचा रविवार मृतांच्या स्मरणासाठी नेमला. ज्या दिवसाला पुढच्या दाराने घालवले तो असा मागच्या दाराने घरात आला. मराठी ख्रिस्ती समाजात हे दोन्ही प्रवाह नांदतात: वसईच्या कॅथलिक गावांत २ नोव्हेंबरला कबरी फुलांनी सजतात आणि मेणबत्त्यांनी उजळतात, तर अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या परंपरेत वाढलेल्या मंडळ्यांमध्ये भर राहिला तो स्तोत्रगायनावर आणि पुनरुत्थानाच्या उपदेशावर.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने शुद्धीस्थानाचा सिद्धांतही स्वीकारला नाही आणि मृतांसाठी प्रार्थनाही सोडली नाही. तेथे मृत्यूनंतर तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी स्मरणविधी होतात आणि त्या वेळी उकडलेल्या गव्हात साखर, सुकामेवा घालून केलेला कोलिवा हा पदार्थ आशीर्वाद देऊन वाटला जातो. जमिनीत पडून मेल्यावाचून गव्हाचा दाणा पीक देत नाही, या योहानाच्या शुभवर्तमानातील येशूच्या बोलाची ती आठवण असते. याच परंपरेच्या चित्रकलेत पुनरुत्थानाचे जे रूप स्थिरावले तेही विचार करण्याजोगे आहे. पश्चिमेकडील चित्रांत ख्रिस्त एकटाच विजयध्वज घेऊन कबरेतून उठताना दिसतो. इस्तंबूलमधील खोरा चर्चच्या चौदाव्या शतकारंभीच्या भित्तिचित्रात तो आदाम आणि हव्वा यांना मनगटाला धरून त्यांच्या कबरींतून ओढून काढत आहे. नवजीवनाचा आरंभ येथे साऱ्या मृतांत जे सर्वांत जुने, ज्यांना आठवणारे कोणी उरण्याची शक्यताच नाही, त्यांच्यापासून होतो. पुनरुत्थान ही एका व्यक्तीच्या बाबतीत घडलेली चमत्काराची घटना नसून विसरल्या गेलेल्यांची सुटका आहे, हे धर्मशास्त्राच्या अनेक ग्रंथांपेक्षा या भिंतीवर अधिक स्पष्ट दिसते.

जिवंत ठेवण्याचे ओझे मानवी स्मृतीवरून असे उतरल्यावर तिच्याकडे कोणते काम उरते, याचे एक उत्तर डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगॉर याने प्रेमाच्या कृतींवरील १८४७ च्या ग्रंथात दिले आहे. मृताची आठवण ठेवणे हे प्रेमाचे सर्वांत निःस्वार्थ, सर्वांत मुक्त आणि सर्वांत एकनिष्ठ रूप आहे, असे तो म्हणतो. कारण मृत परतफेड करू शकत नाही, आग्रह धरू शकत नाही, रुसू शकत नाही, आणि म्हणून त्याच्याशी वागताना प्रेम करणाऱ्याचे खरे स्वरूप उघडे पडते. जिवंतांवर कसे प्रेम करावे हे माणसाने मृतांपासून शिकावे, हा त्याचा निष्कर्ष जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांना जिवंत माणसाला मृतासारखे निश्चल बनवणारा वाटला. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याची दुसरी बाजू इंग्रजी लेखक सी. एस. लुइस यांच्या लिखाणात सापडते. १९६० मध्ये पत्नी वारल्यानंतर लुइस यांनी टिपणे लिहिली आणि ती पुढच्या वर्षी टोपणनावाने प्रसिद्ध केली. आपल्या मनातली तिची प्रतिमा दिवसेंदिवस आपल्याच सोयीची होत जाते, खऱ्या पत्नीप्रमाणे ती विरोध करत नाही, चकित करत नाही, ही त्यांना छळणारी भीती होती. देवाची मूर्ती घडवून तिलाच देव मानण्याची चूक माणूस मृतांच्या बाबतीतही करतो, असे त्यांना दिसले. पुनरुत्थानावरचा विश्वास येथे एक अनपेक्षित काम करतो: मृत व्यक्ती देवापाशी आहे असे मानणाऱ्याला तिची प्रतिमा आपल्या मालकीची मानता येत नाही, कारण ती व्यक्ती उद्या समोर उभी राहून त्या प्रतिमेला खोटे ठरवू शकते.

मराठीत या प्रामाणिक स्मरणाचा नमुना लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या १९३० च्या दशकात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. १९१९ मध्ये वारलेले त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यात संत म्हणून अवतरत नाहीत. त्यांचा तापट स्वभाव, घरात काही नसताना दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची रीत, कोणालाही न सांगता निघून जाणे, १८९५ मधील त्यांच्या बाप्तिस्म्यामुळे पतिपत्नींची काही वर्षे झालेली ताटातूट, हे सारे लक्ष्मीबाई हसत आणि हसवत सांगतात, आणि तरीही ते पुस्तक त्यांच्यावरील प्रेमाने ओतप्रोत आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींनी आपल्या दिवंगतांवर लिहिलेल्या गौरवपर चरित्रांची रास एका पारड्यात आणि हे एकच पुस्तक दुसऱ्यात ठेवले, तरी झुकते माप कोणाकडे जाईल हे सांगण्याची गरज नाही. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरील महाकाव्य पुढे नेण्याचे कामही लक्ष्मीबाईंनीच केले.

तरीही सर्वांत अवघड प्रश्न आप्तांच्या मृत्यूचा नाही. तो मारल्या गेलेल्यांचा आहे. १६ मार्च १९३७ च्या पत्रात जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर यांनी विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांना लिहिले, की झालेला अन्याय होऊन गेला आहे, मारले गेलेले खरोखरच मारले गेले आहेत, आणि भूतकाळ अजून पूर्ण झालेला नाही असे म्हणायचे असेल तर अंतिम न्यायावरच विश्वास ठेवावा लागेल. बेन्यामिन यांनी आपल्या टिपणवहीत हे पत्र उतरवून घेतले आणि उत्तर नोंदवले, की इतिहास हे नुसते शास्त्र नसून स्मरणाचाही प्रकार आहे, आणि विज्ञानाने संपलेले ठरवलेले दुःख स्मरण पुन्हा खुले करू शकते. तीन वर्षांनी नाझींपासून पळताना स्पेनच्या सीमेवरील पोर्तबू येथे बेन्यामिन यांनी जीव दिला. या वादात होर्कहायमर यांनी दाखवलेली अडचण खरी आहे: स्मरणाने भूतकाळ खुला राहतो, पण मेलेल्याला त्यातून काही मिळत नाही, आणि ते मिळायचे असेल तर ज्याची आठवण काहीतरी घडवते असा कोणी असावा लागतो.

जर्मन कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ योहान बाप्टिस्ट मेट्झ यांच्या विचाराचा उगमच या अडचणीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, सोळाव्या वर्षी सक्तीने सैन्यात घेतलेल्या मेट्झ यांना एका संध्याकाळी निरोप घेऊन मुख्यालयाकडे पाठवले गेले, आणि सकाळी परतले तेव्हा त्यांच्या तुकडीतील शंभरावर मुले बाँबहल्ल्यात आणि रणगाड्यांखाली मरून पडलेली होती. येशूच्या दुःखाचे स्मरण ही ‘धोकादायक स्मृती’ आहे, असे त्यांनी पुढे मांडले. विजेत्यांनी लिहिलेला इतिहास पराभूतांना आणि मृतांना प्रगतीची किंमत म्हणून खर्ची घालतो. वधस्तंभावर मारल्या गेलेल्याची आठवण ठेवणारी मंडळी तो हिशेब मान्य करू शकत नाही, म्हणून ती स्मृती सत्तेला धोकादायक ठरते. पुनरुत्थानाची घोषणा करताना जर ख्रिस्ती माणसाला वधस्तंभावरचा आक्रोश ऐकू येईनासा झाला, तर तो पुनरुत्थान नव्हे, विजेत्यांची जुनीच दंतकथा सांगत आहे, हा त्यांचा इशारा होता.

क्रोएशियात जन्मलेले धर्मशास्त्रज्ञ मिरोस्लाव वोल्फ यांनी याच्या उलट बाजूने विचार केला आहे. युगोस्लाव्हियाच्या लष्करात सक्तीची सेवा बजावताना त्यांची संशयावरून दीर्घकाळ चौकशी झाली, आणि त्या छळाची आठवण कशी ठेवावी, या प्रश्नातून त्यांचे २००६ मधील पुस्तक निघाले. अन्याय सत्यानुसार आणि समेटाच्या दृष्टीने आठवला पाहिजे, पण अंतिम न्याय आणि समेट पूर्ण झाल्यावर, देवाच्या नव्या सृष्टीत, तो आठवणीतून गळून पडेल, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि यशयाच्या ६५ व्या अध्यायाचा त्याला आधार आहे. ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात या दोहोंच्या मधली भूमिका घेतली होती: नव्या जीवनात भूतकाळातील दुःखाचे ज्ञान राहील, त्याची वेदना राहणार नाही, आणि रक्तसाक्षींच्या देहावरचे व्रणही कुरूपता न ठरता सन्मान म्हणून दिसतील. उठलेल्या येशूच्या हातांवरचे व्रण पाहता ऑगस्टीनचे म्हणणे शुभवर्तमानांच्या अधिक जवळ जाते. शिवाय वोल्फ यांनी सांगितलेले विस्मरण न्यायानंतरचे आहे, हे त्यांनीच स्पष्ट केलेले असताना, न्याय होण्याआधीच पीडितांना विसरा आणि पुढे चला असे सांगणारे लोक त्यांच्या पुस्तकाचा आधार घेतात, तो गैरवापर आहे.

८ जुलै २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमबाहेरच्या आपल्या पहिल्या भेटीसाठी भूमध्य समुद्रातील लांपेदुसा हे छोटे बेट निवडले, समुद्रात बुडून मेलेल्या स्थलांतरितांसाठी पाण्यात पुष्पचक्र सोडले, आणि एका होडीवर उभारलेल्या वेदीवर मिस्सा साजरा करताना या मृतांसाठी कोण रडले असे विचारले. मोनिकेने मागितलेले वेदीपाशीचे स्मरण येथे ज्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही त्यांच्यापर्यंत पोहोचले. गावोगावच्या मंडळ्यांत मृतांसाठी होणाऱ्या उपासनेत नावे वाचली जातात ती बहुधा ज्यांच्या घरचे लोक ती नोंदवायला येतात त्यांचीच. बेवारस म्हणून पुरलेल्यांसाठी, दंगलीत आणि वाटेत मेलेल्यांसाठी, ज्यांच्या घरी नोंदवायला कोणी उरले नाही त्यांच्यासाठी त्या यादीत एक ओळ राखून ठेवणे, हे ओदिलोच्या मूळ आज्ञेला धरून आहे, आणि ते या वर्षीच्या २ नोव्हेंबरपासूनही सुरू करता येईल.